परक्याच्या पैशाची राखण

मुंबईच्या शेअर बाजारात एका सौद्याला किती जणांचे हात लागतात, हे सौदा करणाऱ्याला सहसा ठाऊक नसते. त्याला मोबाइलवर हिरवा नाहीतर लाल आकडा दिसतो, संध्याकाळी कॉन्ट्रॅक्ट नोट येते आणि दुसऱ्या दिवशी शेअर डीमॅट खात्यात जमा होतात. मधल्या वेळात दलालाचा डीलर, त्याचे बॅक ऑफिस, क्लिअरिंग कॉर्पोरेशन, बँक आणि डिपॉझिटरी यांनी आपापले काम उरकलेले असते. त्यांच्याही मागे ज्या कंपनीचा तो शेअर, तिचे संचालक, कंपनी सचिव, लेखापरीक्षक आणि तिला पतमानांकन देणारे विश्लेषक असतात. या मंडळींचे पगार वेगळे, पदव्या वेगळ्या, कार्यालये वेगळी. साम्य एकच, की त्यांच्या हातून जे जाते ते त्यांचे नसते. पैसा ग्राहकाचा, शेअर ग्राहकाचे आणि बातमी कंपनीची, म्हणजे शेवटी भागधारकांचीच.

हे पुस्तक या मंडळींसाठी आहे. नीतिमत्ता, कंपनीचा कारभार आणि नियमपालन हे तीन विषय एका दमात सांगितले की ऐकणाऱ्याला जांभई येते, याची मला कल्पना आहे. त्यात ऐकणाऱ्याचा दोष थोडा. बहुतेक कार्यालयांत हा विषय वर्षातून एकदा भेटतो, तोही संगणकावर, चार पर्यायांपैकी एकावर टिचकी मारण्यापुरता. बरोबर उत्तरे आधीच सहकाऱ्यांच्या ग्रुपवर फिरत असतात. प्रमाणपत्र छापले जाते, फाइलला लागते आणि तपासणीला येणाऱ्यांना दाखवले जाते. एरवी ‘कम्प्लायन्सवाले’ म्हणजे होणारे काम अडवणारे लोक, एवढीच त्यांची ओळख.

मग मराठीत पुस्तक कशाला? परिपत्रके इंग्रजीत निघतात, धंद्याची बोली गुजराती नाहीतर हिंदी. पण फोर्ट, लोअर परळ, गोरेगाव किंवा वांद्रे-कुर्ला संकुलातल्या एखाद्या बॅक ऑफिसात डोकावून पाहावे. डोंबिवली, बदलापूर, विरारहून आलेली मराठी मुलेमुलीच तिथे केवायसी तपासतात, पे-इनची फाइल लावतात, मार्जिनचा ताळा जमवतात. गादीवर मराठी माणूस कमी दिसेल. सहीच्या जागेवर मात्र तो हमखास सापडतो. आणि बाजारातल्या प्रत्येक घोटाळ्याच्या कागदपत्रांत अशी एक तरी सही असते, जी कोणीतरी ‘साहेबांनी सांगितलं’ म्हणून केलेली असते.

१९९२ चा रोखे घोटाळा हर्षद मेहताच्या नावाने लोकांना माहीत आहे. मालिका आणि सिनेमांनी त्याला नायकाचा तोराही दिला. मला त्या गोष्टीत नायकापेक्षा चेक जास्त महत्त्वाचे वाटतात. बँकांना ठरावीक प्रमाणात सरकारी रोखे बाळगावे लागत. एखाद्या बँकेला चार दिवस पैशाची चणचण भासली की ती दुसरीला रोखे विकायची आणि ठरल्या दिवशी ठरल्या भावाने परत घ्यायची. या व्यवहाराला ‘रेडी फॉरवर्ड’ म्हणत. रोख्यांच्या नोंदी रिझर्व्ह बँकेच्या सार्वजनिक कर्ज कार्यालयात हाताने होत, त्याला वेळ लागे. म्हणून विकणारी बँक तूर्त एक पावती द्यायची; ती ‘बँक रिसीट’, बाजाराच्या भाषेत बीआर. दलालाचे काम दोघांची गाठ घालून देण्यापुरते. चेक एका बँकेने दुसरीच्या नावे काढायचा आणि तो त्या दुसरीनेच वटवायचा, इतका साधा हा मामला होता.

ते चेक दलालाच्या खात्यात जमा होऊ लागले. नॅशनल हाउसिंग बँकेने एएनझेड ग्रिंडलेज बँकेच्या नावे काढलेले चेक मेहताच्या खात्यात कसे गेले, हे प्रकरण पुढे वर्षानुवर्षे लवादापुढे आणि न्यायालयात चालले. अशीच बाजाराची रूढ पद्धत आहे, असा बचाव त्या वेळी झाला. पैसा खात्यात आहे तोवर तो शेअरमध्ये खेळवायचा, मुदत भरली की एका बँकेच्या पैशाने दुसरीचे देणे भागवायचे. पुढे तर मागे एकही रोखा नसलेल्या पावत्या फिरल्या. त्या देणाऱ्यांत मेट्रोपॉलिटन को-ऑपरेटिव्ह बँक होती आणि कराडचे नाव लावणारी बँक ऑफ कराडही होती. सातारा जिल्ह्यातल्या ठेवीदारांना मुंबईच्या तेजीशी काय देणेघेणे? तरी बँक गेली. २३ एप्रिल १९९२ च्या ‘टाइम्स ऑफ इंडिया’त सुचेता दलाल यांची बातमी आली आणि स्टेट बँकेच्या हिशेबातले भगदाड लोकांना कळले. रिझर्व्ह बँकेच्या जानकीरामन समितीने काढलेला एकूण आकडा चार हजार कोटी रुपयांच्या घरात होता.

त्यानंतर कायद्यातल्या त्रुटींवर पुष्कळ चर्चा झाली आणि ती आवश्यकही होती. १९८८ साली स्थापन झालेल्या सेबीला वैधानिक अधिकार मिळाले तेच मुळी १९९२ च्या सुरुवातीला. पण चेकवर कोणाचे नाव आहे हे काउंटरवरच्या माणसाला वाचता येत होते. त्यासाठी नवा कायदा लागत नव्हता.

‘बाजाराची रीत’ हा बचाव तसा जुनाच. १८६५ साली अमेरिकेतले यादवी युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले आणि मुंबईचा पहिला मोठा सट्टा फुटला. शेअरच्या तारणावर सढळ हाताने कर्जे देणारी बँक ऑफ बॉम्बे त्यात बुडाली. त्या तेजीचे सर्वांत मोठे नाव प्रेमचंद रायचंद. त्यांच्याच देणगीतून विद्यापीठाचा राजाबाई टॉवर उभा राहिला. शहराने टॉवर लक्षात ठेवला, बँकेच्या भागधारकांना विसरले.

मेहता प्रकरणानंतर सत्तावीस वर्षांनी, २२ नोव्हेंबर २०१९ रोजी, सेबीने हैदराबादच्या कार्वी स्टॉक ब्रोकिंगविरुद्ध अंतरिम आदेश काढला. ग्राहकांनी शेअर विकताना सोय व्हावी म्हणून दलालाला कुलमुखत्यारपत्र दिलेले असे. त्याचा आधार घेऊन कार्वीने ग्राहकांचे शेअर स्वतःच्या एका खात्यात वळवले आणि बँकांकडे गहाण टाकून कर्ज उचलले. ९५ हजारांहून अधिक ग्राहकांचे शेअर यात अडकले. किंमत सुमारे २,३०० कोटी रुपये. एक हजार कोटींहून अधिक रक्कम समूहातल्याच मालमत्ता-व्यवसायातल्या कंपनीकडे गेल्याचे आदेशात नमूद आहे. ग्राहकांच्या शेअरवर दलालाने कर्ज उचलू नये, असे सेबीने त्याच वर्षी जूनमध्ये पुन्हा बजावले होते. म्हणजे नियम होता, तो ताजा होता, आणि तो राबवणाऱ्यांना पाठही होता. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात बहुतेक ग्राहकांचे शेअर परत मिळाले, कर्ज देणाऱ्या बँका कोर्टकचेऱ्यांत गुंतल्या.

१९९२ आणि २०१९ या दोन प्रकरणांत तंत्र वेगळे, माणसे वेगळी. पण दोन्ही वेळा गैरव्यवहार झाला तो दुसऱ्याची वस्तू आपल्याकडे पडून असलेल्या मधल्या काळात. नियामकाचे तीस वर्षांतले सर्वांत मोठे काम कोणते, असे विचारले तर मी दंडाचे आकडे सांगणार नाही. हा मधला काळ त्याने कमी केला, असे सांगीन. एके काळी मुंबईत चौदा दिवसांची सौदापूर्ती होती आणि बदल्याच्या जोरावर ती पुढे ढकलताही येई. २००१ मध्ये बदला गेला. सौदापूर्ती आधी पाच दिवसांवर आली, २००२ मध्ये तीन, २००३ मध्ये दोन आणि जानेवारी २०२३ पासून सर्व शेअरसाठी एका दिवसावर. १९९६ च्या डिपॉझिटरी कायद्याने कागदी प्रमाणपत्र गेले, त्याबरोबर खोट्या सह्या आणि टपालात गहाळ होणारे शेअरही गेले. सप्टेंबर २०२० पासून मार्जिनसाठीचे शेअर ग्राहकाच्याच डीमॅट खात्यात राहतात, तिथेच त्यांवर तारणाची नोंद होते. २०२४ पासून तर सौद्यापुरती रक्कम ग्राहकाच्या बँक खात्यातच यूपीआयने अडवून ठेवायची सोय झाली. दलालाच्या हाती पैसा येतच नाही, तर तो वळवणार कुठून?

थोडक्यात, पैसा आणि शेअर यांच्या बाबतीत माणसाच्या प्रामाणिकपणावर विसंबण्याची गरज व्यवस्थेने पुष्कळ कमी केली. हे मी कौतुकाने म्हणतो. साधू माणसांची वाट पाहत बाजार चालवता येत नाही. पण त्यामुळेच नीतिमत्तेचा खरा प्रश्न आता दुसरीकडे सरकला आहे, आणि आपली प्रशिक्षणे अजून जुन्याच जागी घुटमळत आहेत. पैशाला आणि शेअरला कुलूप घालता आले. बातमी आणि सल्ला या दोन गोष्टींना ते घालता येत नाही, त्या माणसाच्या डोक्यात राहतात. म्हणून या पुस्तकात पैशावरची प्रकरणे आटोपती आहेत आणि माहितीवरची मुद्दाम लांबवलेली आहेत.

आतल्या माहितीवर सौदे करण्याचा भारतातला पहिला गाजलेला खटला एका प्रतिष्ठित कंपनीचा आहे, हे लक्षात ठेवण्यासारखे. मार्च १९९६ मध्ये हिंदुस्थान लिव्हरने युनिट ट्रस्टकडून ब्रुक बाँड लिप्टन इंडियाचे आठ लाख शेअर विकत घेतले. पुढच्याच महिन्यात दोन्ही कंपन्यांच्या विलीनीकरणाची घोषणा झाली. दोघी युनिलिव्हरच्याच, निर्णय काय होणार हे खरेदी करणाऱ्याला माहीत, विकणाऱ्याला नाही. सेबीने १९९८ मध्ये कंपनीला दोषी धरले आणि युनिट ट्रस्टला भरपाई द्यायला सांगितले. अपिलात मात्र निकाल फिरला. विलीनीकरणाची कुजबुज वर्तमानपत्रांत आधीच आली होती, सबब माहिती ‘अप्रकाशित’ नव्हती, असे ठरले. २००२ मध्ये नियम बदलून वर्तमानपत्रातल्या तर्कांना प्रसिद्ध माहिती मानू नये, असे स्पष्ट करावे लागले. त्या वेळी टेबलाभोवती बसलेल्या हुशार माणसांपैकी कोणी ‘हे कुठे लिहिलंय?’ असा प्रश्न केला असेल, तर कायद्याच्या दृष्टीने त्याचे बरोबरच ठरले. समोरच्याला हे माहीत असते तर त्याने याच भावाला विकले असते का, हा प्रश्न कायद्यात नव्हता. पण तो विचारायला कायद्याची परवानगी लागत नव्हती.

आजची २०१५ ची नियमावली पुष्कळ घट्ट आहे. तिमाही संपल्यापासून निकाल जाहीर होऊन ४८ तास उलटेपर्यंत कंपनीतल्या जबाबदार लोकांना स्वतःच्या कंपनीचे शेअर घेता-विकता येत नाहीत. गोपनीय माहिती कोणाला, केव्हा दिली याची फेरफार न करता येणारी नोंद २०१९ पासून ठेवावी लागते, आणि ती आठ वर्षे जपावी लागते. कागदावर पाहिले तर मुंगीलाही वाट नाही. प्रत्यक्षात निकालाच्या मसुद्याचे आकडे किती जणांना माहीत असतात ते मोजावे: हिशेब विभाग, लेखापरीक्षकाकडचा आर्टिकलशिप करणारा मुलगा, रात्री अकराला संचालकांसाठीचे टिपण टाइप करणारी सहायक, सल्लागार संस्था, वकील, प्रसिद्धिपत्रक लिहिणारी एजन्सी. प्रत्येकाला घर आहे, मित्र आहेत, आणि कल्याणपर्यंतचा लोकलचा प्रवास आहे.

२०१७ च्या सुमारास काही मोठ्या कंपन्यांच्या तिमाही निकालांचे आकडे जाहीर होण्याआधीच व्हॉट्सॲपवर फिरल्याचे उघड झाले. फिरलेले आकडे आणि जाहीर झालेले आकडे एकमेकांशी चकित करण्याइतके जुळत होते. सेबीने संदेश पुढे पाठवणाऱ्यांना दंड केला. रोखे अपील न्यायाधिकरणाने २०२१ मध्ये तो रद्द केला. बाजारात असे शेकडो संदेश फिरत असतात. त्यांतला एक खरा निघाला म्हणून पाठवणाऱ्याला तो आतला आहे हे ठाऊक होते असे सिद्ध होत नाही, हा त्यामागचा विचार. सर्वोच्च न्यायालयातही सेबीचे अपील टिकले नाही. पुराव्याच्या दृष्टीने मला तो निकाल चुकीचा वाटत नाही. पण आकडे कोणाच्या तरी फोनमधून पहिल्यांदा बाहेर पडले, आणि तो माणूस सापडला नाही. तो सापडणे कठीणच असते. नियमावलीला जे जमत नाही ते इथे एका माणसाच्या तोंड बंद ठेवण्यावर येऊन ठेपते.

मोठ्या ग्राहकाची ऑर्डर येणार आहे हे कळल्यावर त्याच्या आधी मेव्हण्याच्या खात्यातून खरेदी करणे, म्हणजे फ्रंट रनिंग, हाही याच जातीचा प्रकार. तिथे तर बातमी कंपनीचीही नसते. म्युच्युअल फंडात दरमहा एसआयपी भरणाऱ्या लोकांच्या पैशातून निघालेल्या ऑर्डरची असते. प्रत्येकाचे दोन-चार पैसे जातात, म्हणून कोणी तक्रार करत नाही. ज्याची तक्रार कोणी करत नाही, ते पाप लहान, असे डीलरांच्या खोलीत मानले जाते. हे मत मला मुळीच मान्य नाही.

सल्ल्याची गोष्ट अधिक नाजूक. ३१ जुलै २०१३ रोजी मुंबईच्या नॅशनल स्पॉट एक्स्चेंजने सौदे थांबवले आणि सुमारे १३ हजार गुंतवणूकदारांचे ५,६०० कोटी रुपये अडकले. माल घ्यायचा आणि काही दिवसांनी ठरल्या भावाने विकायचा, असे जोडसौदे तिथे चालत. दलालांनी ग्राहकांना ते निश्चित परताव्याची योजना म्हणून विकले. गोदामात माल आहे की नाही हे बहुतेकांनी पाहिले नव्हते. गोदामे पुढे रिकामी निघाली. विकणाऱ्यांत सगळेच लबाड होते असे नव्हे. कित्येकांनी आपल्या आईवडिलांचेही पैसे त्यात घातले होते. पण ज्याचे आपल्याला पुरते कळत नाही ते दुसऱ्याला खात्रीचे म्हणून सांगणे, यात लबाडी नसली तरी अपराध आहे, आणि सल्ला देण्याच्या व्यवसायात तो रोज घडतो.

सेबीने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायद्यांचे आणि ऑप्शनचे सौदे करणाऱ्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्क्यांना तोटा झाला. एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक. दलालाला मात्र प्रत्येक सौद्यामागे दलाली मिळाली. जोखमीच्या सूचनेवर टिचकी मारून घेतली, नियम पाळला गेला. निवृत्तीचे पैसे घेऊन आलेल्या शिक्षकाला ‘सर, हे तुमच्यासाठी नाही’ असे सांगणारा रिलेशनशिप मॅनेजर महिन्याच्या टार्गेटमध्ये मागे पडतो. हा पेच पुस्तकाने सुटणार नाही. टार्गेट ठरवणाऱ्यांनी त्यावरचे प्रकरण वाचावे, एवढेच म्हणता येईल.

कंपन्यांच्या कारभाराविषयी इथे थोडक्यात लिहितो, कारण पुस्तकात त्यावर सविस्तर मजकूर आहे. कुमारमंगलम बिर्ला समिती, नारायण मूर्ती समिती, उदय कोटक समिती अशी अहवालांची मोठी परंपरा आपल्याकडे आहे. तरीही सत्यम कॉम्प्युटर्सला कंपनी कारभारासाठी ‘गोल्डन पीकॉक’ पुरस्कार मिळाला तो २००८ च्या सप्टेंबरमध्ये, आणि रामलिंग राजूंनी हिशेबातले हजारो कोटी खोटे असल्याचे पत्र लिहिले ते ७ जानेवारी २००९ रोजी. तिच्या संचालक मंडळावर हार्वर्डचे प्राध्यापक होते. आयएल अँड एफएसच्या रोख्यांना २०१८ च्या उन्हाळ्यापर्यंत सर्वोच्च मानांकन होते, सप्टेंबरमध्ये हप्ते थकले होते. मानांकनाचे शुल्क ज्याचे मानांकन करायचे तोच देतो. लेखापरीक्षकाचेही तेच. स्वतंत्र संचालकाची निवडही व्यवहारात प्रवर्तकाच्या मर्जीबाहेर क्वचितच होते.

हीच अडचण कम्प्लायन्स अधिकाऱ्याची, आणि या पुस्तकाचा खरा वाचक तोच. शेअर दलालांसाठीच्या नियमावलीप्रमाणे, जो नियमभंग त्याच्या नजरेस येईल तो त्याने ताबडतोब आणि स्वतंत्रपणे सेबीला कळवायचा असतो. ‘स्वतंत्रपणे’ म्हणजे मालकाला न विचारता. त्याचा पगार मालक देतो, केबिन मालक देतो, पुढची नोकरीही मालकाच्या ओळखीतच मिळायची असते. इतकी अवघड जागा बाजारात दुसरी नाही. तरीही ती सांभाळणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांच्यातले बहुतेक शूर वगैरे नव्हते. त्यांना दोन सवयी होत्या. तोंडी सांगितलेल्या गोष्टीला ते ईमेलने उत्तर देत, ‘आपण फोनवर म्हणालात त्याप्रमाणे’ अशी सुरुवात करून. आणि ‘फक्त आजच्या दिवसापुरतं’ या विनंतीला ते पहिल्याच वेळी नकार देत, कारण दुसऱ्या वेळी नकार द्यायला त्यांच्याकडे तोंड उरणार नाही हे त्यांना कळत होते. आतल्या माहितीच्या सौद्यांबाबत खबर देणाऱ्याला २०१९ पासून संरक्षण आहे आणि बक्षिसाची कमाल रक्कम आता दहा कोटींपर्यंत गेली आहे. बक्षिसाच्या आशेने कोणी नीतिमान होईल असे नव्हे; पण बोलणाऱ्याची नोकरी गेली तर त्याचे घर चालावे, हा विचार योग्यच आहे.

वाचकांना दोन विनंत्या. प्रकरणांच्या शेवटी दिलेले प्रसंग एकट्याने सोडवू नयेत, कार्यालयात चार जणांनी बसून त्यावर वाद घालावा. त्यांतल्या काहींना एकच बरोबर उत्तर नाही. दुसरी विनंती व्यवहाराची. या क्षेत्रातले नियम झपाट्याने बदलतात, आणि पुस्तक छापून तुमच्या हाती येईपर्यंत यातली काही परिपत्रके जुनी झालेली असतील. सेबीच्या संकेतस्थळावर मूळ मजकूर ताडून पाहावा, आणि पुस्तक व परिपत्रक यांत फरक दिसला तर परिपत्रकच खरे मानावे.